अनुभव धागा: डर्बी जिंकली, पण आपला संघ खेळला कसा?

अ‍ॅनफिल्डकर (धागाकर्ता)

कट्टर प्रतिस्पर्ध्याला हरवलं की दोन-तीन दिवस आपले पाय जमिनीवर नसतात. हायलाइट्स परत परत बघायच्या, समोरच्या संघाच्या मित्रांना मुद्दाम फोन करायचे, कुणी रेटिंग विचारलं तर अकराच्या अकरा जणांना दहापैकी नऊ द्यायचे. हा आनंद हक्काचा आहे. पण तो भर ओसरल्यावर पूर्ण ९० मिनिटं पुन्हा बघायला घेतली की बऱ्याचदा वेगळीच मॅच समोर येते. हा धागा त्या दुसऱ्या बघण्यासाठी काढलाय.

डर्बी (एकाच शहरातल्या किंवा शेजारच्या संघांची मॅच), क्लासिको (रियाल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना) किंवा जुनं वैर असलेली कुठलीही जिंकलेली मॅच घ्या आणि लिहा. स्कोअर सगळ्यांनाच माहीत असतो. संघ कसा खेळला, ठरवून केलेलं काय जमलं, काय नुसतं पदरात पडलं आणि त्यातलं पुढे किती टिकलं, ते सांगा. मी स्वतःला नेहमी एकच प्रश्न विचारतो: समोर तो संघ नसता, टेबलाच्या खालच्या अर्ध्यातला एखादा संघ असता, तर हाच खेळ पुरला असता का? प्रश्न पटला नाही तर तेही लिहा.

सुरुवात मी करतो. ५ मार्च २०२३, आमचं मैदान अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूल ७, मँचेस्टर युनायटेड ०.

या मॅचची पहिली चाळीस मिनिटं आता कुणाला आठवत नाहीत. ती बरोबरीची होती. ब्रुनो फर्नांडिसचा हेडर थोडक्यात बाहेर गेला, रॅशफर्ड मोकळा आत शिरला तेव्हा आमच्या गोलकीपर अ‍ॅलिसनने वाचवलं, कॅसेमिरोने हेडरने बॉल जाळ्यात घातला तो ऑफसाईड ठरला. आठवडाभरापूर्वीच लीग कप जिंकून आलेला युनायटेड अजिबात घाबरलेला दिसत नव्हता. ४३व्या मिनिटाला रॉबर्टसनने डावीकडून आत पास सरकवला, गाक्पोने फ्रेडला चुकवत आत घेऊन लांबच्या कोपऱ्यात मारला, आणि हाफ टाइमला आम्ही फक्त १-० ने पुढे होतो.

दुसऱ्या हाफच्या पहिल्या पाच मिनिटांत मॅच संपली. एलियटच्या क्रॉसवर नुनेझचा हेडर. लगेच तो तिसरा गोल, जो मी अजूनही बघतो. सालाह उजवीकडे धावतोय, अंगावर लिसांड्रो मार्टिनेझ. सालाह एकदा बाहेर जायचं दाखवतो, एकदा आत, मार्टिनेझचा तोल जातो आणि तो खाली येतो. त्याच दमात सालाह बॉल गाक्पोकडे सरकवतो, आणि गाक्पो अगदी चिंचोळ्या कोनातून त्यांचा गोलकीपर डे हेयाच्या वरून अलगद उचलतो. पुढचे चार गोल मोकळ्या मैदानात झाले. युनायटेडचे मिडफिल्डर परत यायचेच बंद झाले होते. सालाहने त्या दिवशी लिव्हरपूलसाठी प्रीमियर लीगमधला १२९वा गोल केला आणि क्लबचा जुना स्ट्रायकर फाउलरचा १२८चा विक्रम मागे टाकला. मोसमानंतर क्लब सोडणार असं नुकतंच जाहीर झालेल्या फर्मिनोने शेवटचा मारला. यापेक्षा सुंदर संध्याकाळ मी या क्लबसोबत अनुभवलेली नाही.

आता परीक्षण. पुढच्या तिघांना नऊ. गाक्पो खाली येऊन बॉल घेत होता, त्यामुळे सेंटर बॅक बाहेर ओढले जात होते आणि सालाह, नुनेझ त्या जागेत घुसत होते. हे ठरवून केलेलं होतं आणि उत्तम जमलं. बचावाला सात. मिडफिल्डला मात्र सहाच्या वर देता येत नाही, कारण फाबिन्यो आणि हेंडरसन यांची त्या मोसमातली दमछाक त्या दिवशी कुणी तपासलीच नाही. दोन आठवड्यांपूर्वी याच मैदानावर रियाल माद्रिदने आमच्यात पाच गोल घातले होते, तेही २-० ने मागे पडल्यावर. ते भोक युनायटेडविरुद्ध बुजलं नव्हतं, झाकलं गेलं होतं.

सहाच दिवसांनी बोर्नमथकडे ०-१ ने हरलो. बोर्नमथ लीगमध्ये टिकून राहण्यासाठी झगडत होता, त्यांनी मागे गर्दी केली, धावायला जागाच दिली नाही, आणि सालाहची पेनल्टीही गोलबाहेर गेली. मग माद्रिदमध्ये रियालकडून ०-१. मोसमाच्या शेवटी आम्ही ६७ गुणांसह पाचवे आणि सात गोल खाल्लेला युनायटेड ७५ गुणांसह तिसरा. त्या उन्हाळ्यात मॅक अ‍ॅलिस्टर, सोबोस्लाई, एंडो, ग्रावेनबर्च असे चार मिडफिल्डर घेतले गेले. सात गोल बघून क्लब भुलला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

लाल सैतान

वरच्या संध्याकाळबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझी मॅच त्यानंतर वर्षभराची, १७ मार्च २०२४, एफए कपची (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) उपांत्यपूर्व फेरी, आमचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेड ४, लिव्हरपूल ३, एक्स्ट्रा टाइमनंतर. लिव्हरपूल लीग कप जिंकून आणखी तीन ट्रॉफ्यांच्या मागे होता, आणि आमचा मोसम याच एका स्पर्धेवर टांगलेला होता.

शेवटचा गोल आधी सांगतो. १२०वं मिनिट उलटलंय, लिव्हरपूलला कॉर्नर आहे, पेनल्टी शूटआउट समोर दिसतंय. कॉर्नर आम्ही परतवला, गार्नाचो बॉल घेऊन निघाला, डावीकडून अमाद डियालो. गार्नाचोने वेळेवर सोडला, अमादने पहिल्या स्पर्शात मारला आणि बॉल लांबच्या पोस्टच्या आतून गेला. त्याने जर्सी काढली, दुसरं यलो कार्ड मिळून तो बाहेर गेला, आणि बाहेर जाताना हसत होता.

पण खेळ? पहिला अर्धा तास छान खेळलो. मॅकटॉमिनेचा गोल, पाठोपाठ दोन-तीन संधी. मग ४४व्या मिनिटापासून हाफ टाइमपर्यंत दोन गोल खाल्ले. दुसऱ्या हाफमध्ये बराच वेळ मॅच पूर्ण लिव्हरपूलच्या हातात होती. त्यांनी तिसरा मारला असता तर सगळं तिथेच आटोपलं असतं. अँटनीने ८७व्या मिनिटाला उजव्या पायाने बरोबरी केली तेव्हा आमचा बचाव आणि आमची पुढची फळी यांच्यामध्ये अख्खं मैदान रिकामं होतं. दोन्ही संघ नुसते या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होते. अशा मॅचमध्ये जिगर दिसते, आणि ती त्या दिवशी भरपूर दिसली. मात्र संघाची बांधणी दिसत नाही.

पुढच्या पाच आठवड्यांत हेच रोगनिदान पुन्हा पुन्हा झालं. चेल्सीकडे ९९ मिनिटांपर्यंत ३-२ ने पुढे होतो, ३-४ ने हरलो. उपांत्य फेरीत कोव्हेंट्रीविरुद्ध ३-० वरून ३-३ झालं आणि पेनल्टींवर सुटलो. लीगमध्ये आठवे आलो, गोलफरक उणे एक. आणि तरीही २५ मे रोजी मँचेस्टर सिटीला २-१ ने हरवून कप उचलला. त्या अंतिम सामन्यात आम्ही मागे एकत्र राहिलो, जागा दिली नाही, गार्नाचो आणि मेनूने गोल केले. माझ्या मते त्या वर्षीचा आमचा खरा चांगला खेळ तो. ४-३ जास्त लाडकी आहे, पण चांगला खेळ तो.

गुडिसनवासी

धागाकर्त्याचा प्रश्न मला पटत नाही, म्हणून लिहितोय.

२४ एप्रिल २०२४, एव्हर्टन २, लिव्हरपूल ०. ब्रँथवेट आणि कॅल्व्हर्ट-ल्युइन. आमच्या गुडिसन पार्कवर लिव्हरपूलला आम्ही याआधी ऑक्टोबर २०१० मध्ये हरवलं होतं. त्या मोसमात आर्थिक नियमांवरून आमचे एकूण आठ गुण कापले गेले होते, आणि प्रत्येक मॅचला आधी टेबल बघावं लागत होतं.

आम्ही सुंदर खेळलो का? बॉल बहुतेक वेळ त्यांच्याकडे होता. पहिला गोल फ्री किकनंतरच्या झटापटीतून, दुसरा मॅकनीलच्या कॉर्नरवर हेडरने. पण ठरवलेलं सगळं केलं. टार्कोव्स्की आणि ब्रँथवेटने हवेतला एकही बॉल सहज सोडला नाही, पिकफर्डने मोक्याच्या वेळी वाचवलं, प्रत्येक फिफ्टी-फिफ्टीत आधी निळा पाय पोचला. समोर साधा संघ असता तर हाच खेळ पुरला असता का, हे विचारण्यात अर्थ नाही. समोर साधा संघ नव्हता, आणि खेळ त्या संघासाठीच आखलेला होता. चौदा वर्षं ज्या स्टँडमधल्या लोकांनी वाट बघितली, त्यांना दिलेलं ते देणं होतं. मी अकराच्या अकरा जणांना नऊ देतो, आणि दुसऱ्यांदा बघूनही देतो.

अ‍ॅनफिल्डकर (धागाकर्ता)

त्या रात्री आमची लीगची शर्यत जवळपास तिथेच संपली. दोन्ही गोल सेट पीसवरून (फ्री किक, कॉर्नर) खाल्ले, आणि दोन्ही वेळा आमच्या माणसांनी पहिली उडी हरली. तुमचे नऊ मान्य. जो संघ स्वतःकडे काय आहे हे ओळखून तेच वापरतो, त्याचं परीक्षण तेवढ्यावरच व्हायला हवं, हा मुद्दा चांगला आहे.

टिकीटाका

धाग्याचा विषय वाचल्यावर २ मे २००९ सोडून दुसरं काही लिहिणं मला शक्यच नव्हतं. सांतियागो बर्नाबेऊ, रियाल माद्रिद २, बार्सिलोना ६.

मॅचच्या आधीचं चित्र विसरू नका. रियाल लीगमध्ये अठरा मॅच हरला नव्हता, त्यातल्या सतरा जिंकल्या होत्या. फरक चार गुणांवर आला होता. १४व्या मिनिटाला रामोसच्या क्रॉसवर हिग्वाइनने हेडर मारला तेव्हा बर्नाबेऊ अक्षरशः उसळलं. चार मिनिटांत ऑन्रीने बरोबरी केली, आणखी दोन मिनिटांत झावीच्या फ्री किकवर पुयोलने हेडर मारून कॅप्टनचा आर्मबँड ओठांना लावला.

गोल कितीही सुंदर असले तरी मला त्या मॅचमध्ये आवडतं ते गोलच्या आधीचं. कोच ग्वार्दियोलाने एतोला उजवीकडे पाठवलं आणि मेसीला मध्ये आणलं, पण स्ट्रायकरच्या जागी उभं केलं नाही. मेसी खाली येऊन रियालच्या मिडफिल्ड आणि बचावाच्या मधल्या पट्ट्यात थांबायचा. कान्नावारो आणि मेट्झेल्डर यांच्यासमोर माणूसच नव्हता. पुढे जाऊन मेसीला धरावं तर मागे ऑन्री आणि एतो धावायला टपलेले. जागेवर थांबावं तर मेसी वळून समोर बघतोय. पूर्ण मॅच त्यांना याचं उत्तर सापडलं नाही. पहिला गोल बघा: मेसीने उचलून दिलेला बॉल, आणि ऑन्री मागून निसटलेला. चौथाही तसाच, फक्त पास झावीचा.

आणि झावी. टीव्हीवर बॉलकडे न बघता फक्त झावीकडे बघत ही मॅच एकदा बघा. पास यायच्या आधी तो डाव्या खांद्यावरून मागे बघतो, मग उजव्या, मग बॉल पायाशी आल्यावर त्याला वर बघावंही लागत नाही. तिसऱ्या गोलला त्याने लास डियाराच्या पायातून बॉल काढून घेतला आणि पुढच्याच क्षणी मेसीला दिला. रामोसने ५६व्या मिनिटाला २-३ केलं तेव्हा कुठलाही संघ जरा गडबडला असता. आम्ही दोन मिनिटांत चौथा मारला. त्या दिवशीच्या खेळाला दहापैकी दहा, यात माझ्या बाजूने तडजोड नाही.

पण धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर चारच दिवसांत आलं. ६ मे, स्टॅमफर्ड ब्रिज. हिडिंकच्या चेल्सीने तो मधला पट्टा ठेवलाच नाही. दोन ओळी एकमेकींना चिकटून, मेसीला वळायला जागा नाही. बर्नाबेऊत गुडघा दुखावल्यामुळे ऑन्रीही नव्हता. एसिएनने नवव्या मिनिटाला गोल केला आणि इनिएस्ताने ९३व्या मिनिटाला मारेपर्यंत आमचा गोलवर धड शॉट नव्हता. चेल्सीच्या पेनल्टीच्या मागण्या रेफ्रीने फेटाळल्या, त्यावर आजही वाद घालता येईल.

म्हणजे सहा गोलांचा खेळ सगळीकडे चालणारा नव्हता. ती कल्पना मात्र खरी होती. महिन्याच्या शेवटी रोममध्ये युनायटेडविरुद्धच्या अंतिम सामन्यात मेसी पुन्हा मध्ये आला आणि २-० ने जिंकलो. २९ नोव्हेंबर २०१० ला मोरिन्योच्या रियालला ५-० ने हरवलं तेव्हाही पाया तोच होता, आणि तोपर्यंत बंद बचाव उघडण्यासाठी बाजूंनी पेद्रो आणि व्हिया आले होते. मला कुणी दोन्हीतली एक निवडायला सांगितली तर मी ५-० ला जास्त परिपक्व खेळ म्हणेन. २-६ मध्ये रियालने चूक केली म्हणून जागा मिळाली. ५-० मध्ये आम्ही ती जागा तयार केली.

लाल-सोनेरी

युरोपच्या इतक्या मॅच वाचून झाल्या, आता आपल्या देशातली सर्वांत मोठी डर्बी.

१२ ऑगस्ट २०२३, कोलकात्याचं सॉल्ट लेक, ड्युरंड कपचा गट सामना. ईस्ट बंगाल १, मोहन बागान ०. जानेवारी २०१९ नंतर आम्ही पहिल्यांदा डर्बी जिंकलो. मध्ये ओळीने आठ हरलो होतो. ज्यांनी या क्लबवर प्रेम केलंय त्यांनाच कळेल की प्रत्येक डर्बीआधी पोटात काय होत असे. ६०व्या मिनिटाला नंदकुमारने उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने वळवून लांबच्या पोस्टकडे मारला. मी ओरडलो नाही, शेवटची शिट्टी होईपर्यंत तोंडातून आवाजच निघाला नाही.

कार्लेस कुआद्रातच्या संघाने त्या दिवशी शिस्त दाखवली. बॉल गमावला की सगळे बॉलच्या मागे, दोन ओळींमध्ये अंतर कमी, साउल क्रेस्पो मधे पहारा देत होता. गेल्या काही वर्षांत डर्बीत आम्ही गोल खाल्ला की विस्कटायचो, इथे तसं काही झालं नाही. त्याच वेळी हेही खरं की मोहन बागानचा मोसम नुकता सुरू होत होता आणि चारच दिवसांनी त्यांना एएफसी कपचा पात्रता सामना खेळायचा होता. पूर्ण तयारीतला बागान आमच्यासमोर नव्हता.

३ सप्टेंबरला अंतिम सामन्यात तोच संघ पुन्हा समोर. ६२व्या मिनिटाला अनिरुद्ध थापाला रेड कार्ड. अर्धा तास अकरा विरुद्ध दहा, आपल्याकडे बॉल, कप समोर. आणि ७१व्या मिनिटाला पेट्राटोसने धावत येऊन बॉक्सबाहेरून गोल केला. बागानने सतरावा ड्युरंड कप नेला. आम्ही बचाव करून जिंकायला शिकलो होतो, पण समोरचा मागे बसला की काय करायचं याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. क्रॉस टाकत राहिलो, आणि ते परतवले जात राहिले. ऑगस्टच्या विजयातच हे दिसायला हवं होतं: एक गोल सोडला तर आपण घडवलेल्या संधी किती होत्या?

जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला सुपर कपमध्ये पुन्हा गाठ पडली. आधी गोल खाऊन ३-१ ने जिंकलो, क्लेटन सिल्वाचे दोन, नंदकुमारचा एक. बागानचे बरेच भारतीय खेळाडू आशियाई कपसाठी कतारमध्ये होते, हे लिहायलाच हवं. तरी मागे पडून परत येणं, बॉल पायाशी ठेवून संधी घडवणं, हे पाच महिन्यांपूर्वी नव्हतं. पुढे अंतिम सामन्यात ओडिशाला त्यांच्याच मैदानावर ३-२ ने हरवून बारा वर्षांनी राष्ट्रीय पातळीवरची ट्रॉफी आणली. मला विचाराल तर ऑगस्टची डर्बी मनाच्या जवळची आहे, पण संघ घडला तो जानेवारीत.

बॉलमागे

महिला फुटबॉलची एकही मॅच आली नाही म्हणून लिहिते आहे. ३० मार्च २०२२, चॅम्पियन्स लीग उपांत्यपूर्व फेरीचा दुसरा सामना, कँप नोउ. बार्सिलोना ५, रियाल माद्रिद २. प्रेक्षक ९१,५५३.

पाच गोल ऐकून एकतर्फी वाटते, पण तशी नव्हती. मापी लेओनचा लांबून आलेला बॉल सरळ आत गेला आणि पुढे झालो, मग ओल्गा कार्मोनाने पेनल्टीवर बरोबरी केली. हाफ टाइमनंतर तीनच मिनिटांत क्लाउदिया झोर्नोझाने खूप लांबून बॉल गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. १-२. एवढ्या गर्दीत अचानक शांतता पसरली. पहिल्या सामन्यातला ३-१ हाताशी होता (दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र मोजतात), पण रियाल बेधडक वर येत होती आणि आमच्या मागून पास नीट निघत नव्हते.

मग ५२ ते ७० या अठरा मिनिटांत आइताना, पिना, अलेक्सिया, ग्रॅहॅम हॅन्सन, चार गोल. ती अठरा मिनिटं कुठल्याही संघाविरुद्ध चालली असती असं मी छातीठोकपणे सांगते. आइताना आणि अलेक्सिया आळीपाळीने बॉक्समध्ये घुसत होत्या. कुणाला कुणी धरायचं हे रियालला ठरवता येईना. पण त्याआधीची पन्नास मिनिटं सैल होती, सुरुवात संथ होती, मागे चुका होत होत्या. मे महिन्यात तुरिनमध्ये ल्यॉनने नेमकं तिथेच बोट ठेवलं. सहाव्या मिनिटाला पहिला गोल, ३३व्या मिनिटापर्यंत ०-३, शेवटी १-३. ल्यॉनविरुद्ध ती अठरा मिनिटं आम्हाला मिळालीच नाहीत.

रोसोनेरी

मी थोडक्यात लिहितो. २२ सप्टेंबर २०२४, इंटर १, मिलान २. त्याआधी सलग सहा डर्बी हरलो होतो. सहावी तर अशी की इंटरने आमच्यासमोर विसावा स्कुडेट्टो (इटालियन लीगचं विजेतेपद) पक्का केला.

आमचा कोच फोन्सेकाने मोराटा आणि अब्राहम असे दोन स्ट्रायकर लावले, बाजूंना लेआओ आणि पुलिसिक. लोक म्हणाले मध्ये दोघेच राहतील, मार खाऊ. पण मोराटा सतत खाली येऊन चाल्हानोग्लूच्या अंगावर राहिला, आणि इंटरचा खेळ ज्या पायातून सुरू होतो तोच पाय अडकला. पुलिसिकने मखितारियानकडून बॉल काढून घेऊन एकट्याने गोल केला. डिमार्कोने बरोबरी साधली. ८९व्या मिनिटाला रेइंडर्सच्या फ्री किकवर गाब्बियाचा हेडर. अकादमीतून आलेला पोरगा, हे विशेष. डावपेच आणि धाडस दोन्हीला पूर्ण गुण.

आणि टिकलं काय? त्या पूर्ण मोसमात इंटरविरुद्ध पाच मॅच झाल्या. तीन जिंकलो, दोन बरोबरीत, एकही हरलो नाही. जानेवारीत सुपर कपच्या अंतिम सामन्यात ०-२ वरून ३-२, इटालियन कपच्या उपांत्य फेरीत ३-०. तोच संघ लीगमध्ये आठवा आला, आणि फोन्सेका डिसेंबरमध्येच गेला. इंटर आपण होऊन वर येतो, मागे जागा सोडतो, तिथे आम्ही धावायचो. बाकीचे मागे बसायचे, तिथे आमच्याकडे दुसरी चाल नव्हती. धागाकर्त्याचा प्रश्न आमच्या संघाइतका कुणालाच लागू पडत नसेल.

उत्तर लंडन

बऱ्याच जणांनी मोठे स्कोअर लिहिले, मी १-० लिहितो. १५ सप्टेंबर २०२४, टॉटनहॅमच्या मैदानावर टॉटनहॅम ०, आमचं आर्सेनल १.

ओडेगार्ड देशासाठी खेळताना जखमी, राइस निलंबित, मेरिनो जखमी. पूर्ण मिडफिल्डच गायब. कोच आर्टेटाने जॉर्जिन्यो आणि पार्टे यांना मध्ये ठेवलं, बॉल नसताना हावर्ट्झ आणि ट्रोसार्ड पुढे, मागे चार-चारच्या दोन ओळी, आणि बॉल त्यांना देऊन टाकला. टॉटनहॅम बॉल फिरवत राहिला. मात्र सलिबा आणि गाब्रिएल यांनी बॉक्समध्ये एक पाऊलही फुकट दिलं नाही. ६४व्या मिनिटाला साकाचा कॉर्नर. गाब्रिएल गर्दीच्या मागच्या टोकाला उभा होता, रोमेरो त्याच्या अंगाला लागून. बॉल उडाला तसा तो वळसा घालून पुढे निघाला, आणि हेडर लागला तेव्हा रोमेरो मागे राहिला होता. हे योगायोगाने होत नाही. सेट पीस प्रशिक्षक निकोला जोव्हर यांचा त्यात मोठा वाटा आहे.

माझ्या आवडत्या डर्बी विजयांमध्ये ही वर आहे, कारण यातलं जवळजवळ सगळं टिकाऊ होतं. पुढच्याच आठवड्यात सिटीकडे ट्रोसार्डला हाफ टाइमआधी रेड कार्ड मिळालं आणि पूर्ण दुसरा हाफ दहा जणांनी याच पद्धतीने धरून ठेवला. स्टोन्सने ९८व्या मिनिटाला २-२ केलं, तरी त्या बचावाला तोड नव्हती. कॉर्नरवरचे गोल वर्षभर येत राहिले.

पण जे नव्हतं तेही वर्षभर टिकलं. चालू खेळातून टॉटनहॅमविरुद्ध आम्ही फार थोड्या संधी निर्माण केल्या होत्या. ओडेगार्ड नाही म्हणून, असं त्या दिवशी सगळे म्हणाले. तो परत आला तरी बंद बचावापुढे आम्ही अडकत राहिलो. मोसम संपला तेव्हा ७४ गुण, दुसरा क्रमांक, आणि तब्बल चौदा बरोबरी. बचावाला नऊ, सेट पीसला दहा, चालू खेळातल्या आक्रमणाला पाच. हे पाच मी त्या रात्रीच वहीत लिहिले होते, आणि वर्षभरात ते बदलायची वेळ आली नाही.

अ‍ॅनफिल्डकर (धागाकर्ता)

ग्लासगोची ओल्ड फर्म, इस्तंबूल, ब्युनोस आयर्स, रोम इथले अनुभव अजून यायचे आहेत. मॅचची तारीख आणि स्कोअर सुरुवातीलाच लिहा, म्हणजे बाकीच्यांना ती शोधून पूर्ण बघता येईल. शक्यतो गोलकीपरबद्दलही लिहा. आतापर्यंतच्या सगळ्या अनुभवांत त्यांना मिळून चार ओळीही आल्या नाहीत, आणि माझ्या स्वतःच्या मॅचमध्ये अ‍ॅलिसनने रॅशफर्डला ०-० असताना अडवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.